यमुनाबाईंनी निवडलेलं बेट

सफारीवरून परतलेल्या माणसाला समुद्र लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. पेणच्या रामवाडीत, एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्यात बसून लोकांना जगभर पाठवता पाठवता ते कळत गेलं. सहलींचा धंदा मी उमेदीची सगळी वर्षं केला. आता गाळा दुसऱ्याला दिला, तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. तरी रस्त्यात भेटलेली माणसं अजून विचारतात, "ताई, सिंह बघून झाल्यावर कुठे जायचं?"

ज्यांनी सफारी केली नाही त्यांना वाटतं, जीपमध्ये आरामात बसायचं आणि जनावरं बघायची. तसं नसतं. पहाटे अंधारात उठवतात. दिवसभर कच्च्या रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. नाकात, कानात, बॅगेच्या आत ठेवलेल्या बॅगेत धूळ जाते. सिंह दिसला की बोलायचं नाही, दिसला नाही तरी बोलायचं नाही. चार दिवस असं काढलं की माणूस कुठेतरी हलायचं नाव न घेता बसायला बघतो. म्हणून आफ्रिकेच्या प्रत्येक सहलीला शेवटी एक बेट जोडायचं, असा या धंद्याचा रिवाज. आमच्या ऑफिसात आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. सहल ठरली की मी विचारायची, "शेपूट कुठलं लावू?"

हे वाटतं तितकं सोपं नाही. फोटोत सगळी बेटं सारखीच दिसतात: निळं पाणी, वाकलेला माड, रिकामी खुर्ची. पण मॉरिशस वेगळं, तिथे देऊळ आहे, वरण-भात मिळतो, ओळखीचे चेहरे दिसतात. म्हातारी माणसं तिथे रमतात. सेशेल्सला मोठमोठे गुळगुळीत खडक आहेत, महागाई आहे आणि नव्या जोडप्यांशिवाय कुणी फारसं दिसत नाही. मालदीवला एक बेट म्हणजे एक हॉटेल. ज्यांचं आपसात पटतं त्यांनीच जावं. आणि झांझिबार सफारीच्या अगदी शेजारी. छोट्या विमानात बसलं की धूळ झटकेपर्यंत समुद्र.

बेटापेक्षा माणूस ओळखणं महत्त्वाचं. पेणजवळच्या जोहे गावच्या एका गणपती कारखानदाराला मी मॉरिशसला पाठवलं होतं. विसर्जन झालं की ही मंडळी मोकळी होतात, तेव्हाच त्यांची सुट्टी. तिथे कुणाच्या तरी घरी त्याला पेणची मूर्ती दिसली, आणि सोंडेवरचा रंग उडालेला दिसला. पुढचा सगळा दिवस गृहस्थ समुद्राकडे पाठ करून रंग लावत बसला. परत आल्यावर म्हणाला, "झकास झाली ट्रिप." रोह्याचे एक वकील मात्र त्याच किनाऱ्यावरून फोन करून म्हणाले, "अहो, हे तर आपलं मुरुडजवळचं काशीद आहे!" आणि एक नवं जोडपं मी झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर पाठवलं, त्या मुलीचा फोन आठवला की मला अजून हसू येतं. "मॅडम, आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तर समुद्र नाहीये!" मी म्हटलं, "येईल गं, दुपारी येईल." निघण्यापूर्वी सगळं समजावून सांगितलं होतं, पण लग्नाच्या गडबडीत कोण ऐकतंय! त्या बाजूला ओहोटीला पाणी थेट दूरच्या प्रवाळाच्या रांगेपर्यंत मागे जातं. उरते ती ओली वाळू, डबकी आणि शेवाळ. पोहायला आलेल्या माणसाचा तिथे हिरमोड होतो. त्यानंतर तो किनारा मी सहसा कुणाला सुचवला नाही.

यमुनाबाईंना सोडून.

दिनेश हा त्यांचा मुलगा. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो शिफ्ट बघायचा. लहानपणापासून त्याला सिंहांचं वेड. टीव्हीवर जनावरं लागली की जेवण विसरायचा म्हणे. पगार वाढला, कर्ज फिटलं, तशी त्याने बायको वैशालीला आफ्रिकेचं कबूल केलं. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तीही यायची होती. तिघं ऑफिसात आली. यमुनाबाई सत्तरीच्या पुढच्या, काळ्यासावळ्या, लुगडं नेसलेल्या, पाय खुर्चीवर घेऊन बसलेल्या. मूळच्या खारेपाटातल्या, म्हणजे पेणच्या पश्चिमेला खाडीकडची जी खारी गावं आहेत तिथल्या. हल्ली रामवाडीतच फ्लॅटमध्ये राहत होत्या.

सफारी ठरली. बेटाचं आलं तेव्हा वैशालीने भिंतीवरच्या मालदीवच्या फोटोवर बोट ठेवलं. "मॅडम, हेच. पाण्यावरची खोली."

दिनेश म्हणाला, "आईला पण विचारा. तिला आवडलं पाहिजे."

मी चारही बेटांचे फोटो यमुनाबाईंपुढे मांडले. त्यांनी ते हातात घेतले, लांब धरून पाहिले आणि मालदीवचा फोटो हातात ठेवून मला विचारलं, "तिथं पानी जातं काय गो?"

मला वाटलं भीती वाटत असेल. मी म्हटलं, "नाही मावशी, घाबरू नका. तिथे समुद्र अगदी शांत. पाणी फारसं हलतसुद्धा नाही."

"हलत नाय? मंग तो समुद्र कसला? तलाव हाय तो." फोटो त्यांनी टेबलावर ठेवून दिला. "भरती-ओहोटी पाहिजे. पानी जाऊन परत आलं पाहिजे."

मग मी झांझिबारच्या त्या किनाऱ्याबद्दल सांगितलं. पाणी कसं दूर जातं, बायका कशा चालत आत जातात. यमुनाबाई पाय खुर्चीखाली सोडून पुढे सरकून बसल्या. मी वैशालीकडे बघून म्हटलं, "पण तिथे सकाळी पोहता येत नाही. फोटोतलं निळं पाणी दुपारीच."

वैशालीचा चेहरा पडला. ती सासूकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "चालेल मॅडम. हॉटेलला पोहायचा तलाव असेल ना? मी त्यात पोहेन. आई रोज गच्चीत जाऊन खाडीकडे बघत उभ्या असतात. एकदा तरी जवळून बघू दे त्यांना."

त्या वर्षीचा गट मी स्वतः घेऊन गेले. जानेवारी सरत आला होता. गटात इतरही लोक होते. त्यांचा या हकिगतीशी संबंध नाही. सिंह दिसले. पहिला सिंह बाभळीच्या सावलीत पाय वर करून पडला होता. दिनेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने श्वास रोखून धरलेला, आणि यमुनाबाई मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो तर झोपलाय. उठंल कवा?" जीप चालवणारा जुमा हसू दाबत होता. हत्ती, जिराफ, झेब्रे, सगळं त्यांनी पाहुण्याच्या घरचा संसार बघावा तसं नीट, शांतपणे पाहिलं.

मग आम्ही एका जुन्या ज्वालामुखीच्या मोठ्या विवरात उतरलो. एक प्रचंड खोल वाटीसारखी जागा आहे ती, तळाशी गवत, जनावरं आणि मधोमध एक खारं तळं. पाऊस नसला की तळं आटतं आणि काठाला पांढरा थर धरतो. गाडी वळली आणि ते पांढरं ऊन डोळ्यांवर आलं. यमुनाबाई आपल्या जागेवरून उठल्या. उघड्या छताची दांडी धरून उभ्या राहिल्या.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या. मग एकदम, "गाडी थांबव रे! मना उतरू दे!"

जुमाने गाडी थांबवली, पण मान हलवली. तिथे उतरायला बंदी आहे, आणि गवतात सिंहीण बसलेली आम्ही थोड्याच वेळापूर्वी पाहिली होती. मी समजावलं, "मावशी, हे खायचं मीठ नाही. सोड्यासारखं काहीतरी आहे."

"पांढरं तर हाय गो. जरा हातात घेतंय, टाकून देतंय परत."

"आई, बस खाली," दिनेश म्हणाला. त्याचा आवाज चढला. "जनावरं आहेत. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

त्या बसल्या. गाडी निघाली तरी मान वळवून बघत राहिल्या, ती पांढरी रेघ गवताआड जाईपर्यंत. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं होतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी दिनेश माझ्याशेजारी येऊन बसला. मी काही विचारलं नव्हतं.

"आमचं मिठागर होतं ताई," तो म्हणाला. "आजोबांपासून. आई लग्न होऊन आली तेव्हापासून आगरातच. दिवाळीनंतर कोंड्यांची, म्हणजे मिठाच्या वाफ्यांची, जमीन पायाने तुडवून घट्ट करायची, मग खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हात सुकलं की मीठ ओढून रास घालायची. मी पण तुडवलंय लहानपणी. पायाला भेगा पडायच्या. मग एका उधाणाला गावचा बांध फुटला. खाडी आत आली ती आलीच. बाबा बोलले, बांध परत घालू. मी तेव्हा नुकता कंपनीत लागलेलो. मी बोललो, सोडा आता ते, कोण करणार? फ्लॅट घेऊ." त्याने कप खाली ठेवला. "बाबा फ्लॅटवर फार जगले नाहीत. आई कधी काय बोलली नाय मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

आमच्या धंद्यात माणसं प्रवासात अशी बोलतात. घरापासून लांब आलं की जीभ सैल होते. ऐकायचं आणि पुढच्या मुक्कामाची वेळ सांगायची, एवढंच आपल्या हातात.

झांझिबारला नेणारं विमान आपल्या मिनीडोर रिक्षापेक्षा थोडंसंच मोठं वाटतं. कडक सूटकेस त्यात घेत नाहीत म्हणून सगळ्यांना मऊ पिशव्या आणायला सांगायची. यमुनाबाईंकडे फक्त एक कापडी पिशवी होती. त्या खिडकीशी बसल्या. बेट आलं तेव्हा खाली प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसत होती आणि तिच्या अलीकडे फिकट हिरवट, उघडं पडलेलं मैलभर ओलं मैदान.

"पानी गेलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पुनव आली ना. लांब गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्याहारीला आल्या नाहीत. खोलीत नव्हत्या, हॉटेलच्या बागेत नव्हत्या. वैशाली तलावाकाठी होती, तिनेही त्यांना पाहिलं नव्हतं. वाळूवर त्यांच्या चपला एकीवर एक ठेवलेल्या सापडल्या. दिनेश चपला हातात घेऊन उभा राहिला. समोर पाणी नव्हतंच. ओल्या मैदानात दूरवर रंगीत ठिपके हलत होते.

तिथे आईला मामा म्हणतात. हॉटेलचा पहारेकरी म्हणाला, "मामा तिकडे गेली. बायकांबरोबर." आणि घड्याळाकडे बघून त्याने समुद्राकडे हात केला. पाणी फिरायची वेळ होत आली होती.

त्या किनाऱ्याची खोड मला माहीत होती. भरती समोरून लाटा घेऊन येत नाही. आधी तुमच्या मागच्या खोलगट जागा गुपचूप भरतात, आणि तुम्ही कोरड्यावर उभे असता तेव्हा परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. माणसं माझ्या भरवशावर आली होती. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून चालायला लागले. दिनेशला म्हटलं, "चल." तो वाळूच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. का थांबला, मला तेव्हा कळलं नाही.

मी घोटाभर पाण्यातून, शेवाळावरून घसरत, काट्यांच्या चेंडूसारख्या समुद्रजीवांना चुकवत गेले. जवळ गेल्यावर दिसलं. पाण्यात खुंट्यांच्या रांगा रोवलेल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, आणि त्या दोऱ्यांना शेवाळाचे झुपके बांधलेले. तिथल्या बायका ते शेवाळ पिकवतात, वाळवून विकतात. रंगीत कापडं कमरेला गुंडाळलेल्या, डोकी झाकलेल्या बायका ओणव्या होऊन बांधत होत्या आणि त्यांच्यात यमुनाबाई, लुगडं वर खोचून, कमरेत वाकून, दोरीला शेवाळाची जुडी बांधत होत्या. हात असे चालत होते, जणू रोजचं काम.

"मावशी! किती शोधलं आम्ही!"

त्यांनी वर पाहिलं. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "ये गो बाय, ये! ही बघ, हिचं नाव आशा. आपल्याकडचंच नाव. कशी आली इकडं, इचार तिला." आशा नावाची ती पोक्त बाई हसली. समोरचे दोन दात नव्हते. यमुनाबाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिला विचारणारे हात केले. आशा म्हणाली, "चुंवी." यमुनाबाईंनी मला सांगितलं, "मिठाला चुंवी बोलतात. मी सांगितलं तिला, आमचं पन व्हतं."

"कसं सांगितलंत?"

"हातानं," त्या म्हणाल्या आणि हवेत मीठ ओढून दाखवलं. लांब दांडा धरल्यासारखे दोन्ही हात, पाय मागे, अंगाला हेलकावा. आशाने मान डोलावली. तिला खरंच कळलं असावं.

मी म्हटलं, "पाणी फिरतंय मावशी, चला."

"फिरतंय ते मना दिसतं. अजून टाइम हाय." पण बायकाच आवरायला लागल्या. गोणी डोक्यावर घेऊन आशा पुढे झाली आणि आम्हाला वळणावळणाने आणलं. मी आले होते त्या सरळ वाटेने गेलो असतो तर छातीएवढं पाणी लागलं असतं.

दिनेश वाळूवर होता. आई समोर येताच ओरडला. तो भीतीने ओरडत होता हे कुणालाही कळलं असतं.

"सांगून जायचं नाय? काय झालं असतं तर? आपण इथं सुट्टीला आलोय आई, कामाला नाय!"

"मी पन सुट्टीलाच गेलं व्हतं," यमुनाबाई म्हणाल्या. लुगड्याचा ओचा पिळत होत्या. "तुला सिंह बघायचा व्हता, बघितलास. मना ह्ये पाहिजे व्हतं."

त्याने चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि वळून गेला.

पुढचे दिवस त्या रोज ओहोटीला गेल्या, सांगून गेल्या. मी बरोबर जायची. दिनेश रोज वाळूच्या कडेला येऊन बसायचा, बूट घालून, आई दिसते तोवर. एकदा मी म्हटलं, "चल की." तो म्हणाला, "नको ताई. तो चिखल पायाला लागला की मला बाबा दिसतात."

निघायच्या आदल्या दिवशी यमुनाबाईंनी मला बाजूला घेतलं. "अमावास्येपर्यंत राहता येनार नाय? आशा हातानं सांगते, तवा पानी अजून लांब जातं. ती सगली शेतं उघडी पडतात."

तिकिटं ठरलेली, बाकीच्यांच्या रजा संपलेल्या, दिनेशची शिफ्ट वाट बघत होती. माझ्या धंद्यातलं सगळ्यात नावडतं काम हेच, परतीची वेळ सांगणं. माणसाला कुठेतरी नेऊन सोडायचं, त्याचं मन तिथे रुजू लागलं की बॅग भरा म्हणायचं. मी म्हटलं, "नाही हो मावशी." त्यांनी मान हलवली. आशाला त्यांनी हातातल्या बांगड्यांतल्या दोन काढून दिल्या. आशाने गाठोडं बांधायला वापरायचा, आपल्या कमरेच्या कापडासारखाच रंगीत तुकडा दिला. विमान वर गेलं तेव्हा पाणी भरलेलं होतं, निळंशार, फोटोतल्यासारखं. वैशाली म्हणाली, "आई, बघा ना, किती सुंदर!" यमुनाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आता खाली काय हाय त्ये दिसत नाय."

पेणला आल्यावर महिनाभर त्यांच्याकडचं काही कळलं नाही. मग एका रविवारी दिनेश गाडी घेऊन दारात आला. मागे यमुनाबाई बसल्या होत्या. "आई म्हणते तुम्हाला घेऊन जायचंय. जवळच आहे."

पेणमध्ये जन्म गेला, पण खारेपाटातल्या त्या टोकाला मी कधी गेले नव्हते. रस्ता संपला तिथे बांध होता. मधोमध फुटलेला, दगड इकडेतिकडे. पाणी आत-बाहेर करायची जुनी लाकडी उघाडी तिरकी होऊन चिखलात रुतलेली. पलीकडे नजर जाईल तिथवर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान आणि चकचकीत काळा चिखल. ओहोटी होती.

यमुनाबाई बोट दाखवत होत्या. "तिथं आमची पयली कोंडी. त्या तिवरापासून ह्या तिवरापर्यंत. तिथं रास घालायचो, उन्हात बघवायचं नाय इतकी पांढरी. ह्याचा बाप तिथं उभा राहायचा." मी त्या बोटामागे डोळे नेत होते. मला झाडं आणि चिखल दिसत होता. त्यांना काय दिसत होतं ते त्यांच्या आवाजात होतं.

दिनेश बांधावर मागे उभा होता. अखेर त्याने विचारलं. इतकी वर्षं अडकलेलं त्याने एका दमात विचारलं. "आई, तुला माझा राग आहे का? मी नको बोललो म्हणून?"

यमुनाबाई वळल्या नाहीत. "राग कशाला रे? पोटाला कंपनीच बरी. तुझा बाप पन समजलेला. राग नाय." मग चिखलाकडे बघत, "पन आठवन येते. तिला काय करू? ती काय तुझ्यावर नाय, माझ्यावर पन नाय. ती येते."

त्या बांधावरून खाली उतरू लागल्या. उतार निसरडा होता. मी हात पुढे केला, पण माझ्याआधी दिनेश गेला. वाकून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे बुटात कोंबले, पँट वर केली आणि आईचा दंड धरून चिखलात पाय टाकला. घोट्यापर्यंत रुतला. क्षणभर त्याने डोळे मिटले.

दोघं हळूहळू आत गेली. एका ठिकाणी यमुनाबाई थांबल्या. चिखलात एक बारीकसं भोक होतं, आत निवटी राहते तसं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो छोटा मासा. खाडीकडच्या बायका भोकात हात घालून तो पकडतात. त्या गुडघ्यावर बसल्या आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, मग त्याहून वर, गाल चिखलाला टेकेपर्यंत.

"हाय काय आई?" दिनेशने विचारलं. लहान मुलासारखा उकिडवा बसला होता तो.

त्यांचा हात आत, डोळे कुठेतरी लांब. वारा तिवरांतून येत होता.

"हाय," त्या म्हणाल्या. "हलतंय बोटाला."